सही माझी, गाठ आईची

सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय 46. चार वर्षांपूर्वी त्यांच्या आई अंडाशयाच्या कर्करोगाने गेल्या. ऑपरेशन मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात झालं होतं. यंदा धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला. आईच्या गाठीचा नेमका प्रकार पाहू, म्हणून बहिणीच्या डॉक्टरांनी जुने ब्लॉक, म्हणजे गाठीचे जपून ठेवलेले तुकडे, मागवले. ताई ते आणायला गेल्या. खिडकीवरच्या माणसाने वही उघडली आणि सहज म्हणाला, "चार होते. दोन रिसर्चला गेलेत, उरलेले दोन घेऊन जा." कुणाला विचारून, असं ताईंनी म्हणताच त्याने फाइल काढून फॉर्म दाखवला. फॉर्म इंग्रजीत होता आणि खाली सही ताईंचीच होती, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची.

तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, वकील गाठू, कंपन्या यावर कोट्यवधी कमावतात, भरपाई मागू. यजमान म्हणतात, आई गेल्या, आता उकरून काय मिळणार, कुणाचं भलं होत असेल तर होऊ दे. ताई लिहितात: "मला रात्री झोप लागत नाही. आईचं काहीतरी कुठल्यातरी बाटलीत अजून वाढतंय असं डोळ्यासमोर येतं. आणि परवानगी मीच दिली. त्या रात्री झोपण्याआधीसुद्धा तिने गाईला वैरण घातली का विचारायला घरी फोन लावला होता. आमच्या दारातल्या कढीपत्त्याची डहाळी कुणी न विचारता तोडली तर ती चिडायची. नेऊ नको म्हणत नाही, पण विचारून ने, म्हणायची. अशा बाईला न विचारता मी तिचंच देऊन टाकलं. मी आता काय करू?"

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीशी थांबले: "परवानगी मीच दिली." तिथूनच सुरुवात करते. बाकीचं सगळं त्या ओळीत अडकून बसलंय.

मी बावीस वर्षं कर्करोगाच्या वॉर्डात समाजसेविका होते. ती रात्र तुम्ही फारशी वर्णन केलेली नाही, तरी मला दिसते. सकाळी पहिल्या नंबरला ऑपरेशन. रात्रीचे साडेनऊ. वॉर्डातले निम्मे दिवे मालवलेले. पहाटेपासून उभा असलेला रेसिडेंट डॉक्टर, हातात पॅड, पॅडला दोऱ्याने बांधलेलं पेन. "पेशंटचं नातेवाईक कोण?" तुम्ही उठलात. भूल देणं, रक्त चढवणं, ऑपरेशनमधले धोके, आणि मध्येच कुठेतरी बारीक टाइपात एक ओळ, की काढलेल्या भागातला उरलेला तुकडा शिक्षणासाठी व संशोधनासाठी वापरला जाऊ शकतो. त्याचं बोट कागदावर फिरत गेलं, "इथे, इथे आणि इथे." तुमच्या मनात मात्र एकच होतं, उद्या आई टेबलावरून परत येईल ना. सही केली नाही तर ऑपरेशन होणार नाही, एवढंच माणसाला त्या घडीला कळतं.

अशा सह्या मी स्वतः घेतल्या आहेत. "वाचत काय बसता, सगळेच करतात," हे वाक्य माझ्या तोंडून गेलेलं आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं. कागदाच्या त्या बाजूला मी उभी राहिलेली आहे, म्हणून खात्रीने सांगते: तुम्ही त्या रात्री आईच्या ऑपरेशनला हो म्हणालात. संशोधनाचं तुम्हाला कुणी विचारलंच नाही, मग तुम्ही त्याला हो कशा म्हणाल?

आणखी एक. विचारलं असतं, तरी ते तुम्हाला विचारून चाललं नसतं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. माणसांवरच्या संशोधनासाठी त्यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. संशोधनाची संमती ही ज्याचं शरीर त्याचीच, त्याला समजेल अशा भाषेत आणि समजावून सांगून घ्यायची. लिहिता-वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. नातेवाइकाची सही चालते ती रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हा. तुमच्या आई शुद्धीवर होत्या. ज्या बाईला ऑपरेशनच्या आदल्या रात्री गाईच्या वैरणीची आठवण होती, तिला तिच्या गाठीबद्दल विचारता आलं नसतं का? चार वाक्यांत सांगून होणारी गोष्ट होती. ती सांगण्याचं काम रुग्णालयाचं होतं. तुमच्या डोक्यावर चार महिने बसलेलं हे ओझं तुमचं नव्हेच.

आता त्या बाटलीचं.

ब्लॉक म्हणजे काय ते तुम्हाला खिडकीवर कुणी समजावलं नसेल. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात. मग तिचे छोटे तुकडे करून, त्यातलं पाणी काढून, ते मेणात बसवतात. काडेपेटीपेक्षा लहान अशी प्लास्टिकची चौकट, तिच्यावर नंबर आणि मेणात रुतलेला फिकट तुकडा, तो ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे काढायचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढे. ते काचेवर घेऊन गुलाबी-जांभळे रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. फॉर्मालिनमध्ये गेल्यावर पेशी जिवंत राहत नाही. मेणातल्या तुकड्यातून काहीही वाढत नाही. खिडकीवरचा माणूस जर ब्लॉकच म्हणाला असेल, तर तुमच्या आईंचं कुठेही काही वाढत नाहीये. त्या बहुधा कुठल्यातरी कपाटात, काचेच्या पट्टीवर, रंगवलेला एक पापुद्रा होऊन आहेत.

बहुधा म्हणते, कारण ऑपरेशनच्या वेळी ताजा तुकडा वेगळा काढून गोठवून ठेवण्याचीही पद्धत आहे. तो उणे 196 अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. जिवंत पेशी वाढवायच्या तर असा ताजा तुकडाच लागतो. म्हणून रुग्णालयाला हा प्रश्न नेमका विचारा: मेणातले ब्लॉक गेले की ताजा तुकडाही घेतला होता? तुमची झोप या एका उत्तरावर अडली असेल तर ते उत्तर मिळवायला वकील लागत नाही.

तुम्हाला जी भीती वाटते, ती याआधी एका घराने फार सोसली आहे. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय आहे. 1951 च्या जानेवारीत तिथे हेन्रिएटा लॅक्स नावाची तीस वर्षांची, पाच लेकरांची आई तपासायला आली. तंबाखूची शेती करणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय घरातली बाई. काळ्या लोकांचे वॉर्ड तेव्हा वेगळे होते, आणि त्यांना दारात उभं करणारी मोठी रुग्णालयंही थोडीच होती. निदान झालं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं. रेडियमचा उपचार सुरू करताना शल्यचिकित्सकाने गाठीचा एक छोटा तुकडा काढून घेतला आणि तो त्याच रुग्णालयातल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला. उपचाराच्या संमतीपत्रावर हेन्रिएटाची सही होती. तुकड्याबद्दल तिला कुणी काही बोललं नाही.

गाय यांची बरीच वर्षं खटपट चालली होती, की माणसाच्या पेशी शरीराबाहेर जगवता याव्यात. सगळ्या मरत. या मेल्या नाहीत. दर चोवीस तासांना दुप्पट होत गेल्या. नावाची आणि आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून त्यांना 'हीला' म्हणू लागले. हेन्रिएटा त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला गेली, 31 व्या वर्षी. शवविच्छेदनाच्या वेळी गाय यांची सहायक मेरी कुबिचेक तिथे होती. मृताच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून तिने नजर वळवली, ती पायाकडे गेली. बोटांच्या नखांना लाल रंग लावलेला, तोही जागोजागी उडालेला. आपण इतके महिने ज्या पेशी हाताळतोय त्या एका जित्याजागत्या बाईच्या आहेत, हे तिला त्या नखांपाशी पहिल्यांदा जाणवलं.

त्या पेशी जगभर गेल्या. घरच्यांना पत्ता नव्हता. बाहेर 'हेलन लेन' असं खोटंच नाव चालत होतं. खरं नाव एका वैद्यकीय नियतकालिकात आलं ते 1971 मध्ये, आणि घरच्यांना कळलं 1973 मध्ये, म्हणजे 22 वर्षांनी. तेही कसं? हीला पेशी दुसऱ्या पेशींत मिसळून झालेला गोंधळ निस्तरायला संशोधकांना कुटुंबाचं रक्त हवं होतं, म्हणून फोन आला. नवऱ्याचा समज झाला की बायको कुठल्यातरी प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेली आहे. मुलांना वाटलं, आपल्याला कर्करोग आहे का ते तपासताहेत. लेक डेबोरा तर अनेक वर्षं या विचाराने हैराण होती, की आईच्या पेशींवर हे जे जे करतात त्याने आईला दुखत असेल का. तुमच्या पत्रातली बाटली वाचली आणि मला डेबोरा आठवली.

तिला उतार कशाने पडला, ते बघा. 2001 मध्ये हॉपकिन्समधल्याच एका तरुण संशोधकाने तिला आणि तिच्या भावाला आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं. फ्रीझर उघडून दाखवला, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवल्या, काय खरं आणि काय खोटं ते न कंटाळता सांगितलं. गोठलेली एक कुपी त्याने तिच्या हातात दिली, तर तिने तिच्यावर फुंकर घातली, तिला ऊब द्यायला. पन्नास वर्षांत त्या घराला हे कुणी दाखवलं नव्हतं.

ताई, तुम्हीही मागा. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना विनंती करा की आईंची एक स्लाइड मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे एका बापाने मुलाच्या रक्ताची स्लाइड बघायला मागितली होती. डॉक्टरांनी खुर्ची सरकवून दिली. तो बराच वेळ बघत बसला आणि "एवढंसं आहे," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा नीट जेवला.

यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. भलं होतंच. पोलिओची साल्क लस तपासायला हीला पेशी हव्या होत्या, त्यासाठी अमेरिकेतच टस्कीगीला त्या मोठ्या प्रमाणावर तयार केल्या. पुढे जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचे एचपीव्ही विषाणू शोधले. त्यातला 18 नंबरचा प्रकार हीला पेशींमध्येही सापडला. त्यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' लस ज्या चार प्रकारांपासून बचाव करते त्यात हाच 18 नंबर आहे. तुमच्या शाळेतल्या मुलींना ती लस मिळाली तर त्या साखळीच्या एका टोकाला हेन्रिएटा आहे. पुण्यातच गणेशखिंडीला नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये हीला पेशी आजही सांभाळल्या जातात आणि देशभरच्या प्रयोगशाळांना दिल्या जातात.

पण भलं झालं म्हणून विचारायचं राहिलं ते भरून निघतं का? यजमानांच्या बोलण्यात एक गृहीत धरलेलं आहे, की विचारत बसलं असतं तर हे भलं झालं नसतं. माझा अनुभव उलटा आहे. निवृत्तीनंतर सहा वर्षं मी एका संस्थेच्या नैतिकता समितीवर, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर, होते. तिथे नियमाप्रमाणे बाहेरचा एक सामान्य माणूस लागतो, तो मी. आमच्या आग्रहावरून एका विभागाने सह्या रात्रीऐवजी ओपीडीतच, मराठीत आणि बसवून घ्यायला सुरुवात केली. नाही म्हणणारे फार थोडे निघाले. बहुतेकांनी एखादा प्रश्न विचारला, माझं नाव येणार का, विकणार का, आणि सही केली. तुमच्या आईंच्या कढीपत्त्याचं झाड कुणासाठी बंद नव्हतं, तुम्हीच लिहिलंय. त्यांनी हो म्हटलं असतं असं मला वाटतं. पण हे मी किंवा यजमानांनी नुसतं वाटून घेण्यात काय अर्थ? त्यांनी म्हणायला हवं होतं.

आणि तुम्हाला एकाच वेळी राग येणं आणि आईचं काही उपयोगी पडलं याचं बरं वाटणं, यात चुकीचं काही नाही. घरात दोन तट पडले म्हणून तुम्ही एका बाजूला जाऊन बसायला हवं असं थोडंच आहे. लॅक्स घरानेही दोन्ही जपलं. 2013 च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हीला पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा घरच्यांना न विचारता प्रसिद्ध केला. आजीच्या पेशीत जे लिहिलंय त्यातलं बरंच नातवंडांच्या पेशीतही असतं, म्हणजे एका परीने त्यांचीच माहिती चव्हाट्यावर आली. तेव्हा ते घर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संचालकांशी बोलायला बसलं. संशोधन बंद करा असं ते म्हणाले नाहीत. ठरलं असं, की ही माहिती ज्याला हवी त्याने अर्ज करायचा, आणि अर्ज बघणाऱ्या समितीत घरातली दोन माणसं असतील. ऑगस्टमध्ये हा करार झाला.

भावाच्या रागाचं मूळ मला समजतं, आणि पैशाचं बोलणं हलकं आहे असंही मी मानत नाही. गाय यांनी पेशी फुकट वाटल्या, पेटंट घेतलं नाही. कमावलं ते पुढे विकणाऱ्या कंपन्यांनी, आणि त्या काळात हेन्रिएटाच्या मुलांकडे आरोग्य विमासुद्धा नव्हता. 2021 मध्ये त्या घराने थर्मो फिशर या मोठ्या कंपनीवर दावा लावला, 2023 मध्ये तडजोड झाली, अटी गुप्त आहेत. तरीही भावाला जॉन मूरची गोष्ट सांगा. याची प्लीहा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात 1976 मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी काढली. पुढे कित्येक वर्षं डॉक्टर त्याला सिॲटलहून तपासणीसाठी बोलावत राहिले. तो समजे, आपली काळजी घेतात. प्रत्यक्षात त्याच्या पेशींची, प्रयोगशाळेत वाढतच राहणारी, एक मालिका तयार झाली होती आणि 1984 मध्ये तिचं पेटंटही मिळालं. मधे एकदा त्याच्यापुढे फॉर्म आला, हक्क देतो किंवा देत नाही. त्याने 'देत नाही'वर गोल केला, तर डॉक्टरकडून फोन, चुकून झालं असेल, दुरुस्त करून द्या. तिथे त्याला शंका आली. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1990 मध्ये निकाल लागला: शरीरातून काढलेल्या पेशींवर मालमत्तेसारखा हक्क सांगता येणार नाही. पण डॉक्टरने आपला त्यात काय स्वार्थ आहे ते रुग्णाला आधी सांगायलाच हवं होतं, या मुद्द्यावर दावा चालू शकतो.

अमेरिकेचा निकाल आपल्याला लागू नाही. सांगायचं ते असं, की पेशींवर पेटंट निघालेलं असतानाही पैशाच्या वाटेने जाणं अवघड गेलं. तुमच्या बाबतीत प्रश्न आहे तो रिसर्चला गेलेल्या दोन मेणाच्या ब्लॉकचा, ज्यांचं पुढे काय झालं हे अजून आपल्याला माहीत नाही. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात शंभर स्लाइडींपैकी एक असण्याचीच शक्यता जास्त. भावाला म्हणावं, आधी कळू तरी दे काय झालंय. कंपनीचं नाव निघालं तर वकील पुढच्या महिन्यातही भेटेल.

एक गोष्ट तुम्हाला कडू लागेल, पण लपवणं बरं नाही. रुग्णालयाने नियमात राहूनही हे केलेलं असू शकतं. तपासणी झाल्यावर उरलेला तुकडा, त्यावरचं नाव काढून टाकून, संमतीशिवाय वापरायची मुभा नैतिकता समिती ठराविक अटींवर देऊ शकते. अशा प्रस्तावांवर मीही होकार दिलेला आहे, कारण वीस वर्षांपूर्वीच्या पाचशे रुग्णांना शोधणार कुठून? तुमच्या बाबतीत तसं पत्र निघालं तर तुमच्या हाती गुन्हा लागणार नाही. पण खिडकीवरच्या माणसाने समितीचं नाव घेतलं नाही, त्याने तुमची सही दाखवली. म्हणजे रुग्णालय संमतीवर भिस्त ठेवतंय, आणि ती संमती कशी घेतली हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आयसीएमआरची तीच तत्त्वं असंही म्हणतात, की दिलेला नमुना त्या माणसाच्याच मालकीचा असतो आणि तो परत मागता येतो.

मग आता करायचं काय? सगळ्यात आधी बहिणीचं. या भांडणापायी तिची तपासणी एक दिवसही लांबू देऊ नका. हाती आलेले दोन ब्लॉक तिच्या डॉक्टरांकडे पोचवा आणि त्यांत पुरेशी गाठ आहे ना ते विचारा. नसेल, तर रुग्णालयाला लगेच कळवा, कारण ब्लॉक आधी रुग्णाचा आणि त्याच्या घराच्या उपचाराचा, संशोधन नंतर. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष शोधायची मुख्य तपासणी बहिणीच्या स्वतःच्या रक्तावर होते. दोष निघाला तर तो बहुधा आईकडून आला असेल, आणि तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. तुमच्या भावातही तितकीच, आणि त्याच्याकडून त्याच्या मुलांकडे जाण्याचीही. हे पुरुषांना कुणी सांगत नाही. भावाने वकिलाआधी जनुकीय समुपदेशकाला भेटावं असं मी म्हणेन.

त्या तपासणीच्या वेळी तुमच्यापुढे पुन्हा एक फॉर्म येईल. त्यात पुन्हा ती ओळ असेल. या वेळी वाचा, बहिणीला वाचून दाखवा, आणि हो किंवा नाही ते तिला ठरवू द्या.

रुग्णालयाला पत्र लिहा, मराठीत चालेल, आणि तोंडी बोलण्यावर राहू नका. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, प्रत नैतिकता समितीच्या सदस्य-सचिवांना. मृत्यूचा दाखला आणि तुमचं आधार जोडा. चारच गोष्टी मागा: त्या फॉर्मची प्रत, ब्लॉक कोणत्या अभ्यासासाठी, कधी गेले, त्या अभ्यासाला समितीची मंजुरी होती का आणि संमतीची अट शिथिल केली होती का, आणि ब्लॉक आता कुठे आहेत, संस्थेबाहेर किंवा देशाबाहेर गेलेत का. रुग्णाचे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठीचा 2002 चा नियम आहे. तीन वर्षं उलटली, कागद नष्ट केले असं सांगतील, तर ऐकू नका. फॉर्म तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. रुग्णालय सरकारी असेल तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरे, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पत्राची पोच घ्या, शिक्क्यासह.

उत्तर आल्यावर तुम्हाला ठरवता येईल. नमुना परत हवा, की राहू द्यावा पण पुढे काय होतं ते कळवत राहा, की माफीचं पत्र. अमेरिकेतल्या ॲरिझोनात हवासुपाय नावाची आदिवासी जमात आहे. मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून दिलेल्या त्यांच्या रक्तावर विद्यापीठाने स्किझोफ्रेनियापासून पूर्वजांच्या स्थलांतरापर्यंत भलताच अभ्यास केला. 2010 मध्ये तडजोड झाली तेव्हा 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर मिळाले आणि फ्रीझरमधलं रक्त परत मिळालं. ते रक्त त्यांनी मागून घेतलं, ते पैशाच्या हिशेबात बसत नव्हतं. तुम्हालाही तसं वाटलं तर मागा. मेणाचा ब्लॉक घरी आणून कृष्णेत सोडणारं एक कुटुंब मला माहीत आहे. वाटलं नाही, तर राहू द्या. दोन्हीत आईंचा अपमान नाही.

ज्यांच्या घरात ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्यांनी एवढंच करावं: फॉर्म आदल्या रात्रीच्या आत, ओपीडीतच मागावा. संशोधनाची ओळ वेगळी दाखवायला सांगावी. ती नको असेल तर खोडून शेजारी सही करावी. तिच्यावाचून ऑपरेशन अडत नाही, अडवता येत नाही. हवी असेल तर खुशाल ठेवावी, पण ती सही रुग्णाने करावी, रेघोट्या मारत केली तरी चालेल. आणि फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढावा.

ताई, पत्र लिहाल तेव्हा त्यात नुसता केसपेपरचा नंबर टाकू नका. त्यांच्या वहीत तुमच्या आई म्हणजे नंबर आणि वर्ष, तिरकी रेघ मारून. हेन्रिएटाच्या कबरीवर 2010 पर्यंत नावाचा दगडही नव्हता. आईंचं पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या नावासकट, आणि गावाचंही.